थंड खोलीतली सोयरीक

"पोहे छान होते. कळवतो आम्ही," म्हणत मुलाची आई उठली. 'कळवतो' म्हणजे नकार, हे अख्ख्या ब्रह्मपुरीला ठाऊक; आणि प्रणोतीला तर मुलगा बघताक्षणीच आवडलेला!

मुलाच्या आईनं एसीच्या खोलीचं दार उघडलं. बाहेर मे महिन्याची दुपार, सत्तेचाळीस डिग्री! तिनं ते धाडकन लावून घेतलं. "काय तापलंय बाप्पा! अहो, बसा खाली. साखरपुड्याचंच बोलून टाकू."

प्रणोतीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ऊन उतरेपर्यंत म्हणून थांबलेली मंडळी लग्नाच्या मुहूर्तापर्यंत हललीच नाहीत. अडीचशे माणसांत लग्न लागलं तेही त्याच खोलीत, एकमेकांच्या मांडीवर बसून!

पाठवणीला नवरी हसत निघाली. वळून वळून एसीकडे बघत हमसून रडलं ते मुलाकडचं वऱ्हाड.