मी नसताना

साखर शोधता शोधता अक्षयच्या हाती फडताळातलं गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट लागलं. अर्ध्या गोळ्या संपलेल्या! त्याच्या डोक्यात सणक गेली. दोन महिन्यांनी मुंबईहून तो कालच वीर स्टेशनात उतरला होता, मग ह्या कोणासाठी? आणि रात्री बायकोने पाठ फिरवली ती उगाच नव्हे! पाकीट नाचवत तो चुलीपाशी गेला. “मी नसताना ह्या कशाला लागतात गो तुला?” भाकरी थापणारे सेजलचे हात थांबले. “रोज घेतल्याबिगर लागू पडत नाय ती. तुमच्या चार दिसांसाठी वरीसभर गिळते, आन तुमी येता तवा इच्छाच मेलेली असते. एकेकीला गोळीनं व्हतं असं, आशाताई म्हनली.” पिठाच्याच हाताने तिने आशाताईंनी दिलेलं निरोधचं पाकीट त्याच्या खिशात कोंबलं. “आता हे तुमच्याकडं ऱ्हाऊ दे. मुंबयत कोनासाठी बाळगता, असं मी नाय इच्यारनार.”