सहाव्या मजल्यावरची बिनखिडकीची खोली

"खिडकी नको," विर्पी म्हणाली. "जूनमध्ये रात्रभर उजेड. हेल्का डोळा मिटायची नाही."

"अगं, पण समुद्र?" यार्क्को म्हणाला. "जहाजावर जायचं आणि भिंत बघत बसायचं?"

"झोपलेल्या माणसाला भिंत काय नि समुद्र काय!"

टेबलावरच्या संगणकाच्या पडद्यावर जहाजाचा नकाशा होता. मजल्यावर मजले, आणि मजल्यामजल्यावर दाटीवाटीने खोल्या. विर्पी त्यांवरून अगदी हळू बोट फिरवत होती. सात महिन्यांच्या हेल्काने तिला कधी सलग दोन तास झोपू दिलं नव्हतं, आणि त्याआधी दोन वर्षं उर्होने. परवा तिने कॉफीचा डबा फ्रीजमध्ये ठेवला आणि दूध कपाटात. बोलता बोलता ती मधेच थांबायची, आणि कुणी लांबून हाक मारल्यासारखं तिच्या चेहऱ्यावर हसू यायचं. मग दचकून विचारायची, "काय म्हणत होते मी?"

यार्क्को मनाने सोन्यासारखा, पण झोप कुंभकर्णाची. रात्री पोरं रडली हे त्याला सकाळी कळायचं. त्याचं त्यालाच वाईट वाटायचं, म्हणून तर ही सहल त्याने काढली होती. शुक्रवारी संध्याकाळी तुर्कू बंदरातून निघायचं, शनिवार स्टॉकहोमला मावशीकडे, रविवारी सकाळी परत.

"त्या दोन रात्री तू फक्त झोपायचं," तो म्हणाला. "पोरं माझ्याकडे."

"नक्की?"

"शब्द देतो."

विर्पी त्याच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. यार्क्कोलाही गलबलून आलं. आपण फार चांगले नवरे आहोत असं त्याला वाटलं.

मग मात्र तिने खोली अशी निवडली, की कुणी घरसुद्धा इतकं बघून घेत नाही. जहाजाच्या मधोमध हवी, तिथे हेलकावे कमी. नाचघराच्या खाली नको. जिन्याजवळ तर मुळीच नको, पिऊन गाणाऱ्यांची वरात तिथूनच जाते. वरचे पलंग भिंतीला दुमडून ठेवायला सांगायचे, नाहीतर उर्हो माकडासारखा चढेल.

"पाळणा कुणाच्या पलंगाशी?" यार्क्कोने विचारलं.

"तुझ्या. मी झोपणार ना?"

"बरोबर, बरोबर," तो हसला.

यार्क्कोच्या आईसाठी, म्हणजे राईलीसाठी, तिने नवव्या मजल्यावरची खिडकीची खोली घेतली.

"आईला एवढं लांब? शेजारची रिकामी आहे की."

"त्यांना समुद्र बघायचाय."

सासू-सुनेच्या मधे शहाणा माणूस पडत नाही. आई नवव्यावर, बायको सहाव्यावर, म्हणजे दोन दिवस शांतता, एवढंच त्याने मनाशी धरलं.

पुढचे तीन आठवडे विर्पीने त्याला बाटलीने दूध पाजायला लावलं. "तिला तुझ्या हाताची सवय होऊ दे." आधी हेल्काने आकांत केला, मग मुकाट्याने पिऊ लागली. उर्होला कोणतं गाणं म्हटल्यावर झोप येते, तेही त्याने पाठ केलं. घोकताना एकदा तो स्वतःच झोपला.

शुक्रवारी संध्याकाळी बंदरावर ऊन दुपारसारखं सोनेरी होतं. जहाज इतकं पांढरं आणि स्तब्ध होतं की पाण्यावर ढग टेकलाय असं वाटावं. विर्पीने गाडी दारापाशी थांबवली.

"तुम्ही पुलावरून चढा. गाड्यांच्या रांगेत पोरं रडतील. मी बघते गाडीचं."

हे नेहमीचंच. इथली अर्धी कुटुंबं अशीच चढतात.

"पिशव्या सगळ्या घेऊन जा," ती म्हणाली. "निघाल्यावर गाड्यांचा मजला बंद करतात. मग लंगोट विसरलास तर स्टॉकहोमपर्यंत बोंब."

खोल्यांची कार्डं तिने त्याच्या खिशात कोंबली. उर्होचा मुका घेतला. हेल्काच्या टाळूवर नाक टेकून ती क्षणभर तशीच राहिली. राईलीने सुनेच्या दंडावर हलकेच थोपटलं. हे दोघींचं कधी जमलं, असं यार्क्कोच्या मनात आलं. पण तेवढ्यात उर्होने कबुतरांच्या मागे धूम ठोकली.

खोली खरंच छान होती. दिवा मालवला की मिट्ट काळोख. कुठला आवाज नाही, फक्त भिंतींमधून येणारी एक गोड घरघर, आईच्या पोटात असंच ऐकू येत असेल. बाटली संपवून हेल्का जड झाली. उर्हो उड्या मारून दमला आणि बापाच्या पायाशी लवंडला. यार्क्कोचाही डोळा लागू लागला. गाड्यांची रांग आज लांबलेली दिसते, त्याने अर्धवट झोपेत विचार केला. बिचारी विर्पी. येईल आता, आल्या आल्या आडवी होईल, आणि सकाळी कशी ताजीतवानी उठेल.

हेल्का किंचाळली तेव्हा तो ताडकन उठला. बाटली नको, चोखणी नको, गाणं नको. उर्होही जागा होऊन सुरात सूर मिसळू लागला. विर्पीला फोन लावला, तर बंद. शेवटी एका काखेत हेल्का, दुसऱ्या हाताला उर्हो अशी वरात घेऊन तो नवव्या मजल्यावर गेला आणि आईचं दार ठोठावलं.

राईली रात्रीच्या झग्यात होती. तिच्यामागे खिडकीतून बेटं सरकत होती. झाडं, एक लाल झोपडी, पुन्हा झाडं, सगळं मधात बुडवल्यासारखं.

यार्क्को बघतच राहिला. "निघालं जहाज?"

"तासभर झाला."

"आणि विर्पी?"

"घरी. एव्हाना गाढ झोपली असेल. उद्या मावशी घ्यायला येईल, परवा बंदरावर विर्पी येईल."

"तुला माहीत होतं?"

"कल्पना माझीच," राईली म्हणाली आणि दार ओढून घेऊ लागली. "आणि हे दार आता सकाळपर्यंत वाजवू नकोस बाबा, तुझ्या वेळची झोप बाकी आहे माझी, ती काढायला आलेय मी."