ओझेलाच्या हातची चव

रस्सा पुन्हा तव्याला लागला. कोरीनने लाकडी चमच्याने बूड खरवडून पाहिलं, पण चमचा काही नीट बसेना. बिडाच्या काळ्या, खोलगट तव्यात मैद्याच्या गुठळ्या झाल्या आणि करपट वास घरभर पसरला. बाजूच्या ताटलीत डुकराच्या मांसाचे तळलेले चॉप निवत चालले होते.

आईचा तवा, आईचा चमचा, आईचाच एप्रन. तरी आईच्या हातची चव येत नव्हती.

मागे टेबलाशी तिचे वडील लूशस मांडीवर हात ठेवून बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. चर्चमधून आल्यापासून टायसुद्धा सोडला नव्हता. कोरीनची आई ओझेला हिला जाऊन सहा आठवडे झाले होते, आणि उद्या सकाळी कोरीन त्यांना कायमचं अटलांटाला घेऊन जाणार होती. सामान भरायची खोकी गाडीत तयार होती. अलाबामातलं हे घर बंद करण्याआधी आईच्या पद्धतीचं रविवारचं जेवण एकदा त्यांना करून घालावं, एवढंच तिच्या मनात होतं.

त्यांना जायचं नव्हतं. माझं इथे भागेल, असं ते एकदाच बोलले होते. त्यावर तिने विचारलं, खाणार काय? पन्नास वर्षांत तुम्ही साधं अंडं तरी उकडलंय का? ते तिच्याकडे बघत राहिले, मग गप्प झाले. त्या गप्प बसण्यालाच तिने होकार मानलं.

इतके दिवस चर्चच्या बायकांनी जेवण पाठवून निभावून नेलं होतं. ओट्यावर त्यांची भांडी धुऊन रचली होती. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर मालकिणीचं नाव. आता भांडी घरोघर परत जायची, आणि नवी काही येणार नव्हती.

आज सकाळीच सिस्टर मॅटी चर्चच्या दारात भेटली; चर्चमधल्या बायका एकमेकींना सिस्टरच म्हणत. ओझेलाची जन्माची मैत्रीण, आणि तिची खोडी काढण्यातही पहिली. रविवारी जेवणाआधीची प्रार्थना ओझेलाच म्हणायची. अलीकडे काही वर्षं ‘ज्या हातांनी हे रांधलं, त्या हातांना बळ दे’ या ओळीशी आली की ती थांबायची आणि तिचा आवाज भरून यायचा. मॅटी भर पंगतीत म्हणायची, स्वतःच्याच हातांसाठी देवापाशी रडणारी बाई मी तूच एक पाहिली. ओझेला नुसती हसायची. आजही मॅटीने तेच सांगितलं, आणि हसता हसता डोळे पुसले.

कोरीनने तव्यात पुन्हा मैदा भुरभुरला. चमचा पुन्हा तिरका होऊन कडेवर उभा राहिला. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सरक जरा," लूशस म्हणाले. "तुझ्या हातात तो बसायचा नाही."

त्यांनी टाय खांद्यावरून मागे टाकला. करपलेलं सगळं काढून तवा पुसून घेतला. चरबीचा डबा, मैदा, मिरपूड, एकाही वस्तूसाठी मान वर करून शोधावं लागलं नाही. हात आपोआप जात होता. चरबी तापली तसा चिमटी-चिमटीने मैदा पडला. चमचा त्यांनी डाव्या हातात धरला होता, आणि त्याचं टोक तव्याच्या बुडाला सपाट टेकलं होतं. मैद्याला बदामी रंग आला. मग दूध ओतलं. रस्सा गुळगुळीत झाला तसे त्यांनी चॉप त्यात सोडले आणि झाकण ठेवलं.

कोरीनने ओला चमचा हातात घेतला. टोक एकाच बाजूने तिरकं झिजलं होतं. सुई असो, पेन असो, नाहीतर पाठीत घालायचा धपाटा, आईचं सगळं उजव्या हातानेच व्हायचं. डावरे होते ते बाबा.

लूशस झाकणाकडे बघत बोलले. "नऊ वर्षं झाली. सांधेवाताने तिची बोटं वळली. तवा उचलेना. या जेवणासाठी तिचं गावभर नाव होतं, पोरी. म्हणाली, कुणाला कळता कामा नये. मी म्हटलं, नाही कळणार."

कोरीनला ते रविवार आठवले. टेबल मांडून होईपर्यंत स्वयंपाकघराचं दार बंद. मग एप्रन बांधलेली आई मनगटांवर ताट तोलून, छातीशी धरून बाहेर यायची. बाबा सगळ्यांच्या शेवटी मागच्या दाराने घाम पुसत यायचे. अंगणात सावलीला बसून आलेत, अशी कोरीनची समजूत. ती त्यांना टोचून बोलायची, बाबा, निदान ताटं तरी मांडत जा.

"मग मला का नाही सांगितलंत?" ती म्हणाली. "मी तुम्हाला घेऊन जाणार होते."

"वचन तुझ्या आईला दिलेलं होतं. ती गेली म्हणून ते काय सुटतं? पण तिचा तवा करपताना मला बघवेना."

कोरीनने ओट्यावरचं मॅटीचं भांडं उचललं, त्यात दोन चॉप आणि भरपूर रस्सा घातला, वर झाकण लावलं. भांडं रिकामं पाठवायची रीत नव्हती. उद्या हे तुम्हीच नेऊन द्या, ती वडिलांना म्हणाली, मी पुढच्या रविवारी जेवायला येईन.

मग तिने भात वाढला, त्यावर चॉप आणि रस्सा, बाजूला कोलार्डची पालेभाजी आणि मक्याचा पाव. दोघं समोरासमोर बसली. सहा आठवड्यांत या टेबलावर प्रार्थना झाली नव्हती. कोरीनने वडिलांचा डावा हात हातात घेतला. मनगटापर्यंत गरम तेलाचे थेंब उडून भाजल्याचे जुने बारीक डाग होते. ती डोळे मिटून म्हणू लागली, आणि ‘ज्या हातांनी हे रांधलं’ इथे येऊन तिचाही आवाज थांबला.

"तिची बोटं फार दुखायची," लूशस हळूच म्हणाले. "पण या ओळीला टेबलाखालून माझा हात दाबायचीच."