मुका माज

ओट्यावरची डबी टिणटिणली, तसा पोळी लाटणाऱ्या सारिकाचा हात थांबला.

"मैनेचा मुका माज!" सासूबाई उठल्या. "वरून म्हशीचं काही कळत नाही, पण डबी चुकत नाही. दिगू, डॉक्टरांना बोलव. यंदा फळली नाही तर बाजार दाखवीन तिला."

दिगंबर आधी गोठ्यात डोकावला आणि तसाच परतला. "मैनेच्या कानातला बिल्ला लुकलुकतच नाहीये. हार्मोन चढलेले नाहीत."

मग सगळ्यांनी सारिकाचं मनगट पाहिलं. त्याच डबीला जोडलेलं, सासूबाईंनी चढवलेलं कडं हिरवं लुकलुकत होतं.

"अगंबाई, घरातलंच की!" सासूबाई हसल्या. "आता नातू."

"यंदा नको म्हटलं होतं ना मी?" सारिका दिगंबरला म्हणाली. त्याने नजर वळवली.

चार वर्षांच्या ओवीने आईचा पदर ओढला. "आई, म्हैस मुकी, म्हणून तिचं डबी सांगते. मग तुझं का सांगते?"