करगोटा

सत्यवती नर्सने कात्री पुढे केली, तशी बायजाने सदूला पोटाशी ओढलं.

“करगोटा न्हाय कापायचा.”

अलिबागच्या त्या लहानशा खाजगी दवाखान्याच्या पडवीत सकाळपासून बायजाचा जीव थाऱ्यावर नव्हता. पाच वर्षांच्या सदूची दोन्ही अंडं जन्मापासून पोटातच राहिलेली. ती आत्ता खाली आणून बसवली नाहीत तर पोरगा पुढे बाप व्हायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. शस्त्रक्रियेसाठी मुंबईहून आलेले सर्जन दुपारच्या बोटीने परत जाणार होते. आत क्लोरोफॉर्म काढून ठेवला होता.

“अहो बाई, चीर इथं द्यायची,” सत्यवतीने सदूच्या जांघेच्या वर बोट ठेवलं. “हा मळका दोरा राहिला तर जखम चिघळेल.”

“मंग नवा बांधा, आनि जुना काढा.”

“नवाही चालणार नाही.”

“उघडी कंबर?” बायजाचा आवाज चिरकला. “जित्या मानसाचा करगोटा कोन तोडतो? तो मढ्याचा तोडतात!”

सत्यवतीने कात्री खाली घेतली. तिच्या घरीही तीच रीत होती. आतून सर्जनची हाक आली, दुसऱ्यांदा.

सदूचा बाप रावजी इतका वेळ पडवीत येरझाऱ्या घालत होता. भाताच्या खाचरात दोन माणसांचं काम एकटा ओढणारा गडी, पण घरात बायकोपुढे बिचाऱ्याचं कधी काही चाललं नव्हतं. तो थांबला. धोतराखाली हात घालून त्याने आपला करगोटा बोटांत पकडला आणि हिसडा दिला. दोरा सहजी तुटला नाही, कंबरेला रक्त आलं. दुसऱ्या हिसड्याला तो हातात आला. त्याने तो बायजासमोर धरला.

“बग. मेलो काय मी?”

“अवो, काय बोलता!”

बायजाचे दोन्ही हात पोरावरून सुटले आणि नवऱ्याच्या तोंडावर जाऊन बसले. चारचौघांत त्याच्याकडे मान वर करून न बघणारी बाई, परक्या बाईदेखत त्याचं तोंड दाबून उभी राहिली.

सत्यवतीने सदूला उचललं. आतलं दार लागलं. कात्रीचा आवाज बाहेर आला नाही, सदूचं रडणं तेवढं आलं, आणि मग तेही थांबलं.

रावजीला काहीतरी बोलायचं होतं. बायजा हात काढेना.