ओली बाही

विमानाचा आवाज आला तेव्हा बाही अजून तारेवर निथळत होती.

कासिल्दाच्या हातातलं केळी कुटायचं मुसळ तसंच वर राहिलं. मालक दुपारी येणार होता. अजून कॉफीची किटलीही चुलीवरून उतरली नव्हती.

"मेलितोन! अरे पळ, आले ते!"

"ओली आहे की ही," तिचा नवरा बाही चाचपत म्हणाला.

"असू दे ओली. खांब रिकामा दिसला तर गिळून टाकेल तो आपल्याला."

मेलितोन खांबावर चढला. वारा दाखवणारी ती लांब कापडी बाही त्याने टोकाला बांधली आणि घसरत खाली आला. कापड जाड, ताडपत्रीचं. पाणी पिऊन ते मेलेल्या बैलाच्या जिभेसारखं लोंबत राहिलं. उत्तरेचा वारा चांगला सुटला होता. कासिल्दाचा झगा पायांत अडकत होता. बाही ढिम्म.

वैमानिक रूबेर नेहमी आधी एक फेरी मारायचा. धावपट्टीवर चरणारी गुरं पांगवायचा, तळ्यातल्या लाटांवरून वारा बघायचा, मगच उतरायचा. आज फेरी नाही. विमान थेट आलं, तेही वाऱ्याला पाठ देऊन. अर्धी पट्टी संपली तेव्हा कुठे चाकं टेकली. पुढचं कुंपण गेलं, आणि नाक गुरांच्या पाणवठ्यात रुतलं. शेपूट वर.

माणसं जिवंत निघाली. आधी मालक आंतेलो, ओठ फुटलेला. मग शहरातला पाहुणा, एक बूट चिखलात सोडून. शेवटी रूबेर, एक हात दुसऱ्या हाताने धरून.

"गाढवा, वारा कळत नाही तुला?"

"बाही खाली लोंबत होती, मालक. वाटलं, वाराच नाही. फेरी मारतो म्हटलं, तर तुम्हीच म्हणालात, पाहुण्यांना मळमळतंय, उतर थेट."

"मी म्हणालो! विमान काय मी चालवत होतो? आजपासून तू माझ्याकडे नाहीस. आणि तुझा परवाना कसा राहतो तेही बघतो."

रूबेर खांबाला टेकून उभा राहिला. वरून साबणाच्या वासाचा एक थेंब त्याच्या गालावर पडला. त्याने मान वर केली, मग कासिल्दाकडे पाहिलं. तिच्या धाकटीला बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून त्यानेच हातांवर घेतलं होतं; तेव्हापासून तो तिला त्या नात्याने कोमाद्रे म्हणायचा.

"कोमाद्रे," तो हळूच म्हणाला, "साबण भारी लावलात."

बोललं तर घर जाणार. घर मालकाचं, चूल मालकाची, नवऱ्याच्या ढुंगणाखालचा घोडासुद्धा मालकाचा. न बोललं तर या माणसाने पुन्हा उडायचं नाही.

"मालक, बाही ओली होती. मी धुतली."

"धुतली? बाही धुतं का कोणी? कुणी सांगितलं होतं तुला?"

"तुम्ही." तिने झग्याला हात पुसले. "मागच्या खेपेला. म्हणालात, ते फडकं तुझ्या परकरासारखं मळलंय, पाहुण्यांसमोर माझी लाज काढशील."

पाहुणा फिसकन हसला. मालकाने ते पाहिलं. तेवढंच पुरलं.

"सामान बांधा," मालक म्हणाला. "नवरा-बायको दोघंही. यालाही न्या बरोबर. आमच्यासाठी दुसरं विमान मागवतो. ते येईपर्यंत जेवायला वाढ."

ती आत गेली. अर्धवट कुटलेल्या केळ्यांत सुकं मांस टाकून पुन्हा मुसळ मारायला लागली, आणि उखळ फुटेल की काय असं वाटलं.

बाहेर बाही हळूहळू उचलली जात होती. आधी तोंड उघडलं, मग पोट फुगलं. लख्ख नारिंगी, कोसभरावरून दिसावी अशी. ताठ झाली आणि तिचं टोक नेमकं पाणवठ्यातल्या विमानाकडे वळून थांबलं.

"वाळली," दारातून मेलितोन म्हणाला.