किल्ली आतच राहू द्या

"ढकल," गार्गी म्हणाली. तिने आणि तिच्या मित्राने, लिमने, मिळून छोट्या लाल गाडीला मागून जोर लावला. गाडी तसूभरही हलली नाही.

लीलाबाई वर्कशॉपच्या दाराशी प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या. बसल्या जागेवरूनही त्यांना गाडीच्या टपापलीकडचं दिसत होतं, इतकी ती ठेंगणी. दोन माणसांची. सकाळपासून त्यांची लेक गार्गी त्या गाडीखाली पाठीवर झोपून काम करत होती. पुढे बंपरखाली दोन मजबूत कड्या बसवून झाल्या होत्या. त्यांत एक लोखंडी दांडा अडकवला होता, आणि दांड्याचं दुसरं टोक लिमच्या व्हॅनला. दांडा तुटलाच तर म्हणून दोन्हीकडे साखळ्या. मागे दिव्यांची पट्टी. गाडी रविवारच्या शर्यतीला जायची होती, स्वतःच्या चारही चाकांवर, पण व्हॅनच्या मागून. आजवर गार्गीचे वडील सुरेशराव तिला चालवत नेत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी या एप्रिलपासून ते बंद केलं.

"बाबा, मी न्यूट्रल केली होती ना?"

"मी पहिल्या गिअरमध्ये टाकली," सुरेशराव म्हणाले. "हॅन्डब्रेकही ओढलाय. उभी गाडी अशी मोकळी सोडतात का?"

घाटात चहाला थांबलं तरी ते असंच करत. वर चाकाखाली दगड लावायला लीलाबाईंना उतरवत. कित्येक घाटांतले दगड त्यांच्या हाताला अजून आठवत होते.

गार्गीने आत वाकून हॅन्डब्रेक खाली केला, गिअर काढला. मग स्टिअरिंगला हात लावला. ते जागचं हलेना.

"किल्ली कुठाय?"

सुरेशरावांचा हात पँटच्या खिशात होता. तो तिथेच राहिला.

"अंकल, की मस्ट स्टे इनसाइड, लाह," लिम हसत, इथल्या लोकांच्या इंग्रजीत म्हणाला. मग गार्गीचा चेहरा पाहून तो उगाच साखळ्या तपासू लागला.

"आत माणूस नसताना किल्ली आत ठेवायची?"

"ठेवायलाच लागते, बाबा. काढली की स्टिअरिंग अडकतं. मग पहिल्याच वळणावर टायर फरफटत येतील."

"तर मी बसतो आत. धरतो स्टिअरिंग."

"आत कोणी बसायचं नसतं. ती आपली आपण वळते."

"कुठलीही गाडी आपली आपण वळत नसते."

गार्गीने हात पुसले. "दुपारपर्यंत पोचलो नाही तर आपला नंबर जाईल. तुम्ही आणि मी मिळून उभी केलीय ही गाडी. तुमच्या खिशातून मी काही किल्ली काढून घेणार नाही," ती म्हणाली आणि जुन्या टायरवर जाऊन बसली.

बाहेरून कंटेनरचे ट्रक जात होते, त्यांनी जमीन थरथरत होती.

लीलाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "अहो, आमच्या आबांची शर्यतीची खोंडं आठवतात?"

"मी कुठे पाहिलीत."

"मी पाहिलीत ना. गाडीला जुंपून नव्हते नेत त्यांना शर्यतीच्या पटावर. मानेवर जू नाही, पाठीवर झूल. नुसत्या दोरीने, चालवत न्यायचे. जोर सगळा पळायला ठेवायचे."

"दोरीला माणूस असायचा, लीला."

"असायचा की. पण पुढे चालायचा. बैलावर नाही बसायचा."

लिमला काही कळलं नाही, पण गार्गी हसली म्हणून तोही हसला. सुरेशराव हसले नाहीत. ते गाडीकडे बघत राहिले. मग दाराला धरून, कण्हत, आत वाकले. खाच दिसत नव्हती. अंगठ्याने चाचपून त्यांनी ती शोधली, किल्ली घातली, एकच घर फिरवली. आत कुठेतरी खट् झालं आणि स्टिअरिंग सैल पडलं. त्यावर क्षणभर हात ठेवून त्यांनी तो काढून घेतला.

"चला," ते म्हणाले.

गार्गी पुढे लिमच्या शेजारी बसली, ही दोघं मागच्या सीटवर. बसता बसता सुरेशराव म्हणाले, "आज तरी पाय आवरून बस. ब्रेक लिमकडे आहे." संसारभर त्यांनी बायकोला हेच चिडवलं होतं, तुझ्या पायाखाली ब्रेक नाही म्हणून.

व्हॅन हलली. दोघंही मान वळवून मागच्या काचेतून बघू लागले. लाल गाडी निघाली. तिचं इंजिन बंद होतं, दोन्ही सीट रिकाम्या होत्या आणि किल्लीला बांधलेला छोटा गणपती हलत होता.

फाटकाशी व्हॅन डावीकडे वळली. मागे, रिकाम्या सीटसमोर, स्टिअरिंग फिरलं. सावकाश, कोणीतरी जाणत्याने फिरवावं तसं, हवं तेवढंच. क्षणभर थबकलं, आणि रस्ता सरळ होताच हळूच मधे येऊन स्थिर झालं.

लीलाबाईंचे हात जोडले गेले होते. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. साऱ्या जन्मात गाडीत बसून त्यांनी असं काही पाहिलं नव्हतं.

"वळली," सुरेशराव पुटपुटले. मग काचेकडे वाकून म्हणाले, "छान वळली गं."

पुढे सिग्नल लाल झाला. व्हॅनचा वेग कमी झाला, आणि ती माणूस नसलेली गाडी जणू थेट त्यांच्याच अंगावर येऊ लागली. लीलाबाईंचा उजवा पाय सवयीने मॅटवर दाबला गेला. आता बोलणी बसणार म्हणून त्यांनी चटकन खाली पाहिलं.

शेजारी सुरेशरावांची चप्पल होती. तीही घट्ट दाबलेली.